डिशमधल्या चेतापेशी आणि उडून जाणारं पाणी

डिशमधल्या चेतापेशी मेल्या की पहिला संशय पेशी सुट्या करणाऱ्या ट्रिप्सिन या विकरावर जातो, दुसरा पेशींना पोसणाऱ्या बी-२७ या मिश्रणाच्या लॉटवर आणि तिसरा डिसेक्शन करणाऱ्याच्या हातावर. पाण्यावर संशय सहसा कुणी घेत नाही. नवी मुंबईत तर नाहीच. जुलैमध्ये खारघरच्या डोंगराला ढग टेकलेले असतात, कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, हवेतला ओलावा ८५-९० टक्क्यांच्या घरात असतो. अशा गावात डिशमधलं पाणी उडून पेशी मरतात, हे ऐकायलाच विचित्र वाटतं.

हिशोब मात्र साधा आहे. कल्चर रूममध्ये एसी २२ अंशांवर असतो आणि एसी हवेतलं पाणी काढून घेतो. समजा खोलीत ६० टक्के सापेक्ष ओलावा आहे. तीच हवा पेशींच्या उबदार पेटीचं, म्हणजे इन्क्युबेटरचं, दार उघडल्यावर आत शिरते आणि ३७ अंशांना तापते. तिच्यातली वाफ तेवढीच राहते, पण गरम हवेला लागणारी वाफ कितीतरी जास्त असते. त्यामुळे तिचा सापेक्ष ओलावा २५ टक्क्यांच्या आसपास येतो. बाहेरची ऐन पावसातली २८ अंशांची, ९० टक्के ओलाव्याची हवा घेतली तरी ३७ अंशांना ती ५५ टक्क्यांपर्यंतच पोचते. म्हणजे बाहेर मुसळधार पाऊस असला तरी दार उघडल्या क्षणी तुमच्या डिशला कोरडी हवा लागते. पुन्हा ९५ टक्क्यांवर जायला इन्क्युबेटरला कित्येकदा तासाच्या वर लागतो. दिवसातून वीस वेळा दार उघडणाऱ्या, चार जणांच्या सामायिक इन्क्युबेटरमध्ये तो आकडा कधी गाठलाच जात नाही.

इतर पेशींचं यात फारसं बिघडत नाही. हेला किंवा एचईके या सतत विभागणाऱ्या पेशी दोन-तीन दिवसांत पसरतात, ट्रिप्सिन लावून नव्या मीडियात, म्हणजे पोषक द्रवात, जातात, विषय संपला. चेतापेशी विभागत नाहीत. त्याच काचेवर त्या तीन आठवडे बसून राहतात आणि त्या काळात मीडिया कधीच पूर्ण बदलायचा नसतो, कारण पेशींनी स्वतः सोडलेले घटक त्यात असतात. तीन आठवड्यांत उडालेल्या पाण्याचा हिशोब त्यांच्या अंगावर चढत जातो.

आधी पद्धत थोडक्यात, म्हणजे आकडे कुठून आले ते कळेल. माउस किंवा रॅट जातीचे उंदीर वापरायचे तर संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी हातात असल्याशिवाय पहिलं पाऊल टाकायचं नाही. उंदराच्या १८ दिवसांच्या भ्रूणातला हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा भाग घेतात, कारण त्या वयात पिरॅमिडल चेतापेशी जन्मलेल्या असतात पण त्यांचे धागे अजून एकमेकांत गुंतलेले नसतात, आणि ग्लिया (चेतापेशींच्या मदतनीस पेशी) कमी असतात. थंड हँक्स द्रावणात डिसेक्शन, ०.२५ टक्के ट्रिप्सिनमध्ये ३७ अंशांवर १५ मिनिटं, तीनदा धुणं. मग टोक ज्योतीवर गुळगुळीत केलेल्या पास्चर पिपेटने दहा-पंधरा वेळा वर-खाली. बुडबुडे आले तर थांबा. हवा आणि द्रव यांच्या सीमेवर पेशींचे पडदे फाटतात. तळाशी चिकट, शेंबडासारखं काही दिसलं तर तो फुटलेल्या पेशींचा डीएनए आहे. त्यात पिपेट जोरजोरात मारून उपयोग नाही, तो तेवढा भाग बाजूला काढा. मेलेल्या पेशी रंगवणाऱ्या ट्रायपॅन ब्लूने जिवंत पेशी मोजा आणि एका चौरस सेंटिमीटरला सुमारे ५०,००० या हिशोबाने टाका. २४ वेलच्या (खळग्यांच्या) प्लेटमध्ये एका वेलचा तळ १.९ चौरस सेंटिमीटर असतो, म्हणजे ९५,००० पेशी. ३५ मिलिमीटरच्या डिशला साडेचार लाखांच्या आसपास.

काचेची तयारी यापेक्षा जास्त महत्त्वाची, आणि तीच सगळ्यात कंटाळवाणी म्हणून तिथेच आळस होतो. कव्हरस्लिप रात्रभर संहत नायट्रिक आम्लात, फ्यूम हूडमध्येच. मग भरपूर पाण्याने धुणं, कोरड्या उष्णतेने निर्जंतुक करणं. त्यावर बोरेट बफरमध्ये, पीएच ८.५ला, पेशी चिकटाव्यात म्हणून पॉली-लायसिनचा थर, निदान रात्रभर. मग तीनदा धुणं. हे धुणं दोनदा केलं तरी चालेल असं वाटतं, पण चालत नाही. काचेला न चिकटलेलं सुटं पॉली-लायसिन पेशींना विषारी असतं. आणि हे धुणं कोणत्या पाण्याने? नळाला मोरबे धरणाचं पाणी येत असो वा एमआयडीसीचं, पहिल्या जोरदार पावसानंतर त्यात गाळ वाढतो आणि शुद्धीकरण यंत्राच्या पुढच्या फिल्टरवर ताण येतो. पडद्यावर १८.२ मेगाओहम दिसतं म्हणून निर्धास्त राहू नका. तो आकडा फक्त आयनांबद्दल बोलतो, सेंद्रिय अशुद्धी त्याला दिसत नाही. जून ते सप्टेंबर पुढचा फिल्टर वेळापत्रकाच्या आधी बदला.

पेशी काचेला धरल्या की दोन ते चार तासांनी सीरमवाला मीडिया काढून न्यूरोबेसल हा मीडिया आणि बी-२७ घालतात. बी-२७ पन्नासपट संहत येतं, ५० मिलिलिटरला १ मिलिलिटर. ते कोरड्या बर्फात यायला हवं. विमानतळावरून निघालेलं खोकं पावसात, ट्रॅफिकमध्ये अडकून संध्याकाळी पोचलं, तर सही करण्याआधी खोक्यात कोरडा बर्फ शिल्लक आहे का ते उघडून पाहा. एकदा वितळलेलं पुन्हा गोठवायचं नाही, लहान भाग करून ठेवायचे आणि फ्रिजमध्ये ठेवलेला भाग आठवड्या-दोन आठवड्यांत संपवायचा. आणि मीडियाची बाटली हूडच्या ट्यूबलाइटखाली उघडी ठेवू नका. न्यूरोबेसलमध्ये रायबोफ्लेविन असतं, पीएच सांभाळणारं हेपेस असतं. प्रकाश पडला की या जोडीतून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. बाटलीला फॉइल गुंडाळायला दहा सेकंद लागतात.

आता पाणी. न्यूरोबेसलची ऑस्मोलॅरिटी, म्हणजे त्यात विरघळलेले कण किती दाट आहेत ते माप, मुद्दाम कमी ठेवलेली आहे, २३०च्या आसपास. हिशोबासाठी बी-२७ वगैरे धरून २४० मिलिऑस्मोल घेऊ. वेलमध्ये ५०० मायक्रोलिटर मीडिया. इन्क्युबेटरचा ओलावा ढिला असेल आणि वेल कडेचं असेल तर चार दिवसांत १०० मायक्रोलिटर सहज उडतं. उरले ४००. मीठ आणि साखर तेवढीच, पाणी कमी. ऑस्मोलॅरिटी झाली ३००.

चौथ्या दिवशी वहीत लिहिलेलं असतं, "अर्धा मीडिया बदलला." म्हणजे २५० काढले, २५० घातले. पण वेलमध्ये ५०० नव्हतेच, ४०० होते. २५० काढल्यावर जुने १५० उरले, ३०० मिलिऑस्मोलचे. त्यात नवे २५०, २४०चे. एकूण पुन्हा ४०० आणि ऑस्मोलॅरिटी २६२. पुढच्या चार दिवसांत आणखी १०० उडाले की ३०० मायक्रोलिटर उरतात आणि आकडा ३५०वर जातो. मग पुन्हा "अर्धा" बदल. २५० काढले की जुन्या मीडियाचे ५० मायक्रोलिटर उरतात, म्हणजे कव्हरस्लिपवर जेमतेम एक पापुद्रा, कधी मधोमध कोरडा ठिपका. नवे २५० घातल्यावर ऑस्मोलॅरिटी एका झटक्यात ३५०वरून २५८वर. पेशी आधी आक्रसल्या, मग मिनिटभरात फुगल्या. आणि ज्या जुन्या मीडियासाठी अर्धाच बदलायचा नियम केला, तो आता सहाव्या हिश्श्याएवढाच शिल्लक. दहाव्या दिवशी पेशी मरू लागतात आणि सगळे नवा बी-२७ मागवायला धावतात.

हे मरण तरी दिसतं. त्याहून वाईट म्हणजे पेशी जगतात आणि आकडे चुकीचे देतात. चेतापेशींवर दाट सुक्रोजचा, ५०० मिलिमोलरचा, फवारा मारला तर कॅल्शियमची वाट न पाहता सिनॅप्समधल्या, म्हणजे दोन चेतापेशींच्या सांध्यातल्या, संदेशाच्या रसायनाने भरलेल्या तयार पिशव्या रिकाम्या होतात. सोडायला तयार असलेल्या पिशव्यांचा साठा मोजायला विद्युत-शरीरशास्त्रज्ञ १९९६पासून हीच युक्ती वापरतात. म्हणजे ऑस्मोलॅरिटी हे सिनॅप्सवर थेट चालणारं बटण आहे. कडेच्या वेलमध्ये ते बटण अर्धवट दाबलेलं असेल आणि औषध नेमकं कडेच्या वेलांत घातलेलं असेल, तर दिसलेला परिणाम कुणाचा?

डिसेंबर २०२४मध्ये नेचर न्यूरोसायन्समध्ये आलेल्या एका शोधनिबंधाने हा प्रश्न आणखी टोकदार केला. जॉन्स हॉपकिन्समधल्या शिगेकी वातानाबे यांच्या गटाने उंदराच्या चेतापेशी अतिदाबाखाली क्षणार्धात गोठवल्या आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. नेहमीच्या पद्धतीत ऊतक आल्डिहाइडने पक्कं करतात, मग त्यातलं पाणी काढतात. त्यात अ‍ॅक्सॉन (चेतापेशीचा संदेश नेणारा लांब धागा) सरळ नळीसारखा दिसतो, पाठ्यपुस्तकात असतो तसा. गोठवलेल्या अ‍ॅक्सॉनमध्ये मात्र माळेसारखी रचना दिसली: सुमारे २०० नॅनोमीटर रुंदीचे मणी आणि त्यांना जोडणारा सुमारे ६० नॅनोमीटरचा बारीक धागा. हे मायलिनचं वेष्टण नसलेल्या अ‍ॅक्सॉनमध्ये, डिशमधल्या पेशींत आणि ऊतकांतही. त्यांचं म्हणणं असं, की हा आकार पडद्याच्या ताणातून, म्हणजे भौतिकशास्त्रातून येतो. भोवतालच्या द्रावणातली साखर वाढवून ऑस्मोलॅरिटी चढवली की मणी आक्रसतात, उतरवली की फुगतात. पडद्यातलं कोलेस्टेरॉल कमी केलं तर मणी सपाट होतात आणि संदेशाच्या वहनावर परिणाम होतो.

सगळ्या तज्ज्ञांना हे पटलेलं नाही. माळ ही निरोगी अ‍ॅक्सॉनची नेहमीची स्थिती आहे की ताणाखालची, यावर वाद आहे आणि तो व्हायलाच हवा. याच अ‍ॅक्सॉनच्या आत, पडद्याच्या लगेच खाली, अ‍ॅक्टिनची (पेशीला आकार देणाऱ्या प्रथिनाची) कडी दर १८०-१९० नॅनोमीटरवर पिंपाला पट्टे असावेत तशी बसवलेली असते, हे शियाओवेई झुआंग यांच्या हार्वर्डमधल्या गटाने २०१३मध्ये दाखवलं होतं, तेही कल्चरमधल्या हिप्पोकॅम्पसच्या पेशींतच. मणी आणि कडी एकमेकांशी कसं जुळवून घेतात, हा मला सध्याच्या चेतापेशी-जीवशास्त्रातला सगळ्यात सुंदर प्रश्न वाटतो. पण वादात कोणतीही बाजू घ्या, एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे: भोवतालचं द्रावण किती दाट आहे यावर अ‍ॅक्सॉनचा आकार हलतो. मग मीडियाची ऑस्मोलॅरिटी न मोजता अ‍ॅक्सॉनच्या जाडीवर लिहिलेल्या निष्कर्षाला मी तरी वजन देणार नाही.

इथे एक गोंधळ टाळायला हवा. साध्या सूक्ष्मदर्शकातून २० किंवा ४०च्या ऑब्जेक्टिव्हखाली अ‍ॅक्सॉनवर मणी दिसले तर ते हे मणी नव्हेत. २०० नॅनोमीटर ही प्रकाश-सूक्ष्मदर्शकाची जवळजवळ शेवटची सीमा आहे. तुम्हाला दिसणारे मणी मायक्रोमीटरभर मोठे असतात आणि ते बहुतेक वेळा अ‍ॅक्सॉन तुटायला लागल्याची खूण असतात. निरोगी कल्चरमध्ये सातव्या दिवशी धागे एकसंध, गुळगुळीत दिसतात आणि पेशीची कडा फेज कॉन्ट्रास्टमध्ये उजळ असते. मीडिया बदलल्यावर अर्ध्या तासात मणी उठले असतील तर आधी नव्या मीडियाचं तापमान आणि ऑस्मोलॅरिटी तपासा.

मोजायचं कसं? गोठणबिंदूवर चालणारा ऑस्मोमीटर सगळ्यात भरवशाचा. किलोला १००० मिलिऑस्मोल असले की पाण्याचा गोठणबिंदू १.८६ अंशांनी उतरतो, २४०ला सुमारे ०.४५ अंश. यंत्र तेवढाच फरक मोजतं, म्हणून रोज २९०च्या प्रमाणित द्रावणाने तपासून घ्यावं लागतं. यंत्र नसेल तर तराजू आहे. ०.०१ ग्रॅमचा तराजू कोणत्याही प्रयोगशाळेत असतो. प्लेट झाकणासकट मोजा, वजन आणि तारीख झाकणाच्या टेपवर लिहा. २४ वेल, प्रत्येकी ५०० मायक्रोलिटर, म्हणजे १२ ग्रॅम मीडिया. १.२ ग्रॅम कमी झाले की सरासरी १० टक्के पाणी गेलं आणि २४०चे २६७ झाले. ही सरासरी आहे, हे विसरू नका. २४ वेलच्या प्लेटमध्ये १६ वेल कडेला असतात आणि ८च आत. ९६ वेलच्या प्लेटमध्ये कडेचे ३६ सोडले तरी आत ६० उरतात, म्हणून तिथे कडेला निर्जंतुक पाणी भरून ठेवणं परवडतं. २४मध्ये दोन तृतीयांश प्लेट वाया जाते. तीन आठवड्यांच्या प्रयोगाला मी ३५ मिलिमीटरच्या डिश सुचवेन. २ मिलिलिटर मीडिया, आणि अशा चार डिश १५० मिलिमीटरच्या मोठ्या पेट्री डिशमध्ये, मधे एक उघडी छोटी डिश निर्जंतुक पाण्याची. इन्क्युबेटरच्या आत आणखी एक ओलं घर तयार होतं आणि दार उघडल्याचा फटका तिथपर्यंत पोचत नाही.

इन्क्युबेटरच्या तळातल्या ट्रेमध्ये डिस्टिल्ड निर्जंतुक पाणी घाला, दर आठवड्याला बदला. १८ मेगाओहमचं घालू नका, ते इतकं भुकेलेलं असतं की स्टीलमधले आयन ओढतं. नळाचं घातलं तर क्षार बसतात. ब्लीच तर अजिबात नको, क्लोरीन स्टील खातं आणि वाफ पेशींपर्यंत जाते. ट्रे कोरडी पडली की दुसरीही एक गोष्ट बिघडते, आणि ती चटकन लक्षात येत नाही: जुन्या इन्क्युबेटरमधला कार्बन डायऑक्साइडचा सेन्सर हवेच्या उष्णतावहनावर चालतो आणि ओलावा बदलला की चुकीचा आकडा दाखवतो. पडद्यावर ५ टक्के, प्रत्यक्षात वेगळंच. मीडिया जांभळट दिसायला लागला तर सिलिंडरआधी ट्रे बघा. इन्फ्रारेड सेन्सरवाल्या यंत्रात ही अडचण नाही.

ओलावा वाढवायचा म्हटलं की पावसाळ्यात बुरशीची भीती येते, आणि ती रास्त आहे. पण बुरशी ट्रेपेक्षा पुठ्ठ्यातून जास्त येते. पिपेटच्या, ग्लोव्ह्जच्या पुठ्ठ्याच्या पेट्या कल्चर रूमच्या बाहेर उघडा, पुठ्ठा आत येऊच देऊ नका. एसीचं पाणी वाहून नेणारी नळी तुंबून भिंत ओली झाली असेल तर ती पहिल्यांदा दुरुस्त करून घ्या. ७० टक्के अल्कोहोलने बीजाणू खात्रीने मरत नाहीत, म्हणून कप्पे काढून ऑटोक्लेव्ह करावे लागतात. थंड खोलीत इन्क्युबेटरमधून काढलेल्या प्लेटच्या झाकणाला आतून दव धरतं. थेंब कडेला ओघळून झाकण आणि प्लेट यांच्या फटीत पाण्याचा पूल बांधतो, आणि बुरशी त्याच पुलावरून आत येते. असं झाकण पुसू नका, नवीन निर्जंतुक झाकण लावा. आणि बुरशीवर उपाय म्हणून अ‍ॅम्फोटेरिसिन चेतापेशींवर ओतू नका. ते बुरशीच्या पडद्यात भोकं पाडतं, आणि थोड्या प्रमाणात आपल्याही. बाधित प्लेट बंद करूनच बाहेर काढा आणि टाकून द्या.

स्टीव्ह पॉटर आणि थॉमस डीमार्स यांनी २००१मध्ये या सगळ्यावर मुळातूनच तोडगा काढला. डिशला त्यांनी टेफ्लॉनच्या एफईपी पापुद्र्याचं घट्ट झाकण बसवलं. त्यातून ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड जातो, पाण्याची वाफ जवळजवळ जात नाही, जंतू तर नाहीच. अशा डिशमध्ये चेतापेशी वर्षभराहून जास्त जगल्या आणि संदेश पाठवत राहिल्या. बाहेरचा इन्क्युबेटर ओला ठेवायचीही मग गरज उरली नाही.

येत्या काळात हे जास्त लागणार आहे. एनजीएन-२ हे जनुक चालू करून मानवी स्टेम पेशींपासून चेतापेशी घडवण्याची पद्धत २०१३मध्ये आली. दोन आठवड्यांत चेतापेशी दिसू लागतात, पण पक्व सिनॅप्ससाठी अ‍ॅस्ट्रोसाइटच्या (ग्लियाच्या एका प्रकारच्या) सोबतीने आणखी कित्येक आठवडे थांबावं लागतं. २०२३मध्ये भारताच्या नव्या औषध आणि क्लिनिकल चाचणी नियमांत दुरुस्ती होऊन प्राण्यांऐवजी मानवी पेशींवरच्या चाचण्यांना जागा मिळाली. तुर्भे, महापे, रबाळेच्या पट्ट्यात औषधांवर काम करणाऱ्यांच्या टेबलावर अशा प्लेट येतीलच. आठ आठवड्यांच्या कल्चरमध्ये बाष्पीभवनाची चूक तीन आठवड्यांच्या कल्चरपेक्षा कितीतरी जास्त साचते.

आणि पाणी उडालंच असेल तर? वेलमध्ये ५००ऐवजी ४०० उरलेत, ३०० मिलिऑस्मोलचे. थेट १०० मायक्रोलिटर पाणी ओतू नका, जिथे थेंब पडेल तिथल्या पेशी फुगून सुटतील. १५० काढा. मग २०० मायक्रोलिटर ताजा मीडिया आणि ५० मायक्रोलिटर निर्जंतुक पाणी आधी वेगळ्या नळीत मिसळून, ३७ अंशांना आणून, वेलच्या भिंतीवरून हळूहळू सोडा. एकूण पुन्हा ५०० होतात, ऑस्मोलॅरिटी २४६. तूट १० टक्क्यांच्या आत असेल तर हे एका वेळी करा, २० टक्क्यांच्या आसपास असेल तर दोन हप्त्यांत, मधे काही तास सोडून. त्याहून जास्त असेल तर ती प्लेट प्रयोगातून बाहेर काढा आणि वहीत कारण लिहा: वजन, तारीख, वेल क्रमांक.